छायाप्रकाश : कपाटातील पावसाळा

श्रावणाच्या तोंडावर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर दरवर्षी बहुधा एकच असतो. ‘घरात कॅमेरा आहे, पण छायाचित्रे पूर्वीसारखी स्वच्छ येत नाहीत, नवा घ्यावा काय?’ विचारणारे बहुतेक व्यापारी कुटुंबांतील असतात. पाच-सात वर्षांपूर्वी एखाद्या मंगलकार्याच्या निमित्ताने चांगली रक्कम मोजून कॅमेरा आणलेला असतो. कार्य पार पडते, कॅमेरा त्याच्या पिशवीत बांधून लोखंडी कपाटात जातो आणि पुढच्या कार्यापर्यंत कोणाला त्याची आठवण होत नाही. पडून राहिलेल्या मालाचे काय होते, हे ज्यांना कोणी शिकवावे लागत नाही, त्यांच्याच घरात ही मोलाची वस्तू अशी पडून राहते. अशा पत्रांना माझे उत्तर ठरलेले आहे : नव्याचा विचार करण्याआधी जुना उघडून, उजेडात धरून पाहावा. दोष कोठे आहे हे कळले, तर पुष्कळदा नवा घेण्याची वेळच येत नाही.

आपल्याकडील हवा आणि कॅमेरा

किनवट तालुक्यातील आपले इस्लापूर म्हणजे सागवानी जंगल, जवळून वाहणारी पैनगंगा आणि हाकेच्या अंतरावरचा सहस्रकुंड धबधबा. छायाचित्रणाचा छंद असणाऱ्याने आणखी काय मागावे? परंतु हीच भूमी उपकरणांची वर्षातून तीन वेळा परीक्षा घेते. पावसाळ्यात हवेतील ओलावा, दिवाळीनंतर कापसाच्या हंगामात हवेत तरंगणारे बारीक तंतू व धूळ, आणि वैशाखात रणरणते ऊन. तिन्हींवर उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. त्यांतील सर्वांत कपटी शत्रू ओलावा. कारण धूळ दिसते, ऊन भाजते, पण ओलावा बंद कपाटात गुपचूप आपले काम करीत राहतो.

हवेतील सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की लेन्सच्या भिंगांवर बुरशी धरू लागते. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना अंधार, ओल आणि साचलेली हवा मिळाली की पुरे. आपल्याकडे पावसाळी सकाळी आर्द्रता ८० च्या पुढे सहज जाते, आणि कपाटात शिरलेली ती ओल बाहेर ऊन पडले तरी लवकर निघत नाही. बुरशी प्रथम भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंच्या रूपाने दिसते. पुढे तिच्यातून स्रवणारी आम्ले भिंगावरील अतिसूक्ष्म लेप कोरून काढतात. बुरशी पुसता येते. कोरला गेलेला लेप मात्र परत येत नाही.

परीक्षा सोपी आहे. लेन्स कॅमेऱ्यापासून वेगळी करावी, दोन्ही बाजूंची झाकणे काढावीत आणि अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने विजेरीचा झोत तिरपा टाकून पुढून पाहावे. धुळीचे दोन-चार कण दिसले तर चिंता नको. चित्रावर त्यांचा परिणाम होत नाही. तंतूंचे जाळे किंवा दुधट पडदा दिसला, तर ती लेन्स इतर साहित्यापासून वेगळी ठेवावी आणि जाणत्या तंत्रज्ञाला दाखवावी. बुरशी बाहेरच्या काचेवर असेल तर स्वच्छता सोपी. आतल्या भिंगांवर असेल तर लेन्स पूर्ण उघडावी लागते, आणि कॅमेऱ्यासोबत आलेल्या साध्या लेन्सच्या बाबतीत हा खर्च कधी कधी तिच्या किमतीच्या वर जातो. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी अंदाज विचारून घ्यावा. जुनी लेन्स विकत घेतानाही हीच विजेरी खिशात असावी.

पावसाळ्यात पापड, मसाले, कडधान्ये यांना बुरशी लागू नये म्हणून आपल्या घरांतील माताभगिनी केवढी दक्षता घेतात! बुरशी धरल्यावर ती काढणे म्हणजे जीवांची हानी. म्हणून ती धरूच नये याची काळजी आधी, हा संस्कार आपल्याला नवा नाही. स्वयंपाकघरातील तीच जागरूकता कपाटापर्यंत न्यायची आहे, एवढेच.

हवाबंद डबा

विजेवर चालणारी कोरडी कपाटे बाजारात मिळतात. ज्यांच्याकडे पाच-सहा लेन्स आहेत त्यांनी ती अवश्य घ्यावीत. बाकीच्यांना झाकणाला रबराची कड असलेला, दहा-बारा लिटरचा स्वयंपाकघरातील हवाबंद डबा पुरतो. त्यात साधारण दोनशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून ठेवावी आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. हा मापक म्हणजे या व्यवस्थेचा मुनीम. तो नसेल तर आत काय चालले आहे हे कळत नाही. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान असावा. ६० च्या वर गेला तर जेल ओलाव्याने भरली असे समजावे. ३० च्या खाली फार काळ राहणेही बरे नाही. रबर आणि आतील वंगण कोरडे पडण्याची भीती असते.

भरलेली पांढरी जेल ११०-१२० अंश तापमानाच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवली की पुन्हा कामाला येते. निळी जेल ओलावा शोषून गुलाबी होते, त्यामुळे पाहताक्षणी कळते. परंतु तिच्या रंगासाठी कोबाल्टचे संयुग वापरलेले असते आणि ते आरोग्यास अपायकारक आहे. ती स्वयंपाकाच्या भांड्यांत वा ओव्हनमध्ये तापवू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. घरात लहान मुले असतील तर पांढरी जेल आणि मापक हीच जोडी उत्तम.

काही प्रचलित समजुतींबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवू नये. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, मात्र त्याची पिठूळ धूळ फटींत शिरते. डांबरगोळ्या कॅमेऱ्याजवळ ठेवू नयेत. त्यांची वाफ भिंगांवर थर धरते आणि प्लास्टिकलाही बाधते. कॅमेऱ्यासोबत मिळालेली स्पंज लावलेली पिशवी प्रवासासाठी आहे; तो स्पंज ओल धरून ठेवतो, म्हणून साठवण तिच्यात करू नये. चामड्याच्या वस्तू आपल्याकडे बहुधा वर्ज्यच असतात; तांत्रिक दृष्टीनेही चामडे ओल धरते आणि बुरशीला आश्रय देते, तेव्हा जुने आवरण असेल तर तेही डब्याबाहेरच राहू द्यावे.

सर्वांत स्वस्त औषध म्हणजे वापर. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढावा, लेन्स फिरवावी, दहा-वीस छायाचित्रे घ्यावीत. उघडीप असेल तेव्हा झाकणे काढून लेन्स खिडकीजवळच्या उजेडात तासभर ठेवावी. मात्र तिच्यावर थेट सूर्यकिरण पडू देऊ नयेत. भिंगातून एकवटलेली उन्हाची तिरीप कापड पेटवू शकते.

सहस्रकुंडाला जाताना

पावसाळ्यात काळ्या कातळावरून कोसळणारी पैनगंगा पाहायला नांदेड आणि यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांच्या काठांवर गर्दी होते. छायाचित्रासाठी पाण्याच्या प्रत्येक थेंबाला गोठवायचे असेल तर शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा. रेशमी वस्त्रासारखा सलग प्रवाह हवा असेल तर अर्धा ते एक सेकंद लागतो, आणि मग ट्रायपॉड अनिवार्य ठरतो. ढगाळ दिवशी आयएसओ १०० आणि छिद्रमान एफ/११ ठेवूनही शटर १/६० च्या खाली उतरत नसेल, तर प्रकाश चौसष्टपट कमी करणारा राखाडी फिल्टर लावावा. मग तोच वेग जवळजवळ एक सेकंदावर येतो. छिद्र एफ/२२ पर्यंत बारीक करून हे साधण्याचा मोह टाळावा. प्रकाशाच्या विवर्तनामुळे चित्राची धार बोथट होते. ओल्या दगडांवरची चकाकी पोलरायझर फिल्टर फिरवून कमी करता येते. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना लेन्सवरील कंपनरोधक बटण बंद करावे.

वाऱ्याने उडणारे तुषार लेन्सवर येणारच. लेन्सला हूड लावावा, प्रत्येक चित्रानंतर काच पाहावी आणि मऊ कोरड्या कापडाचे दोन तुकडे जवळ ठेवावेत. वातानुकूलित मोटारीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढू नये. थंड काचेवर लगेच दव धरते. बंद पिशवीत अर्धा तास राहू दिला की तो बाहेरच्या हवेशी जुळतो. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय स्वच्छ पाण्याने धुऊन, सांधे उघडून वाळवावेत. नदीची बारीक रेती सांध्यांत राहिली तर ते लवकरच झिजतात.

याहून महत्त्वाची गोष्ट उपकरणांपलीकडची आहे. वरच्या बाजूला ईसापूर धरण आहे. तेथून पाणी सोडले, किंवा वरच्या भागात जोराचा पाऊस झाला, तर येथे ऊन असतानाही पाणी चढू शकते. ट्रायपॉड ओल्या कातळाच्या कडेवर मांडू नये. मुलांना तर तेथे उभे करून छायाचित्र काढूच नये. लांब पल्ल्याची लेन्स नेमकी याचसाठी असते.

शंका-समाधान

*शंका : प्रत्येक छायाचित्रात एकाच जागी काळपट ठिपका दिसतो. लेन्स बिघडली काय?*

समाधान : बहुधा नाही. छिद्रमान एफ/१६ ठेवून मोकळ्या आकाशाचे वा पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे. ठिपका तेथेच ठळक दिसला तर धूळ सेन्सरवर आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात तो फक्त डोळा लावून पाहताना दिसतो आणि चित्रात उमटत नसेल, तर तो आतील पडद्यावरचा कण. त्याकडे दुर्लक्ष करावे. सेन्सरवरील धुळीसाठी कॅमेऱ्याच्या सूचीतील स्वच्छतेची सोय वापरावी. तेवढ्याने भागले नाही तर बॅटरी पूर्ण भरलेली ठेवून सेन्सर उघडा करावा, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे आणि रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकर मुळीच घालू नये. थुंकीचे कण बसले की काम अवघड होते. कापूस हंगामात जिनिंगच्या आसपास किंवा आडत बाजारात लेन्स बदलण्याचे टाळावे.

*शंका : उजेडाकडे तोंड करून काढलेली चित्रे धुरकट येतात.*

समाधान : प्रथम लेन्सवरील संरक्षक फिल्टर काढून पाहावे, स्वस्त किंवा बोटांचे ठसे पडलेला फिल्टर हा नेहमीचा अपराधी. तरीही धुरकटपणा राहिला तर वर सांगितलेली विजेरीची परीक्षा करावी. काच पुसताना आधी फुग्याने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश, आणि शेवटी कापडावर द्रव घेऊन पुसावे. द्रव थेट भिंगावर टाकू नये. तो कडेने आत उतरतो.

*शंका : मंदिरात व प्रवचनाच्या वेळी काढलेली चित्रे हललेली येतात.*

समाधान : तेथे प्रकाश कमी असतो आणि फ्लॅश वापरणे योग्य नाही, पुष्कळ साधुसाध्वींना तो मान्य नसतो, काहींना छायाचित्रणच नको असते. म्हणून आधी अनुज्ञा, मग कॅमेरा. अनुमती असेल तर ५० मिमी एफ/१.८ ही तुलनेने स्वस्त लेन्स घ्यावी. सोबत आलेल्या लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/१२५ ठेवून, आवाज न करणारा शटर असल्यास तो निवडावा. थोडा रवा दिसला तरी चालेल. हललेले चित्र मात्र सुधारता येत नाही.

*शंका : कॅमेरा मध्येच ‘लेन्सशी संपर्क नाही’ असा संदेश देतो.*

समाधान : कॅमेरा बंद करून लेन्स काढावी आणि तिच्या मागील सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या स्वच्छ कापडाने हळुवार पुसावेत. पावसाळ्यानंतर उद्भवणारी ही तक्रार बहुधा एवढ्यानेच मिटते. न मिटली तर मात्र घरी स्क्रू उघडू नयेत.

*शंका : बॅटरी लवकर उतरते.*

समाधान : महिनोन्महिने पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवल्याने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. वापर नसेल तेव्हा ती निम्मी भरून, कॅमेऱ्यातून काढून ठेवावी. वैशाखात बंद मोटारीत कॅमेरा ठेवू नये. बॅटरी फुगलेली दिसली तर ती पुन्हा चार्ज न करता ई-कचऱ्यात द्यावी.

चोपडी एक, नक्कल तीन

आता त्या प्रश्नाकडे वळतो, ज्याला पैशाने उत्तर नाही. आमच्या परिचयातील एका कापड व्यापारी कुटुंबाने आजोबांच्या पंचाहत्तरीची सर्व छायाचित्रे एकाच मेमरी कार्डवर ठेवली होती. दीड वर्षाने, आजोबांच्या निधनानंतर, ते कार्ड संगणकाला लावले तर ते वाचलेच जाईना. सुदैवाने घरातील मुलीने ‘फॉरमॅट करू का?’ या प्रश्नाला होकार दिला नाही आणि कार्डवर नवे काही लिहू दिले नाही. त्यामुळे पुनर्प्राप्तीच्या सॉफ्टवेअरने बरीचशी चित्रे परत मिळाली. काही कायमची गेली. ज्यांत आजोबा हसत होते, त्यांतील एक राहिले म्हणून घरच्यांनी समाधान मानले.

कार्ड बिघडल्यास नियम हाच : वापर तत्काळ थांबवावा, फॉरमॅट करू नये, आणि सापडलेली चित्रे त्याच कार्डवर न उतरवता दुसरीकडे उतरवावीत. परंतु हा झाला शेवटचा उपाय. पेढीवर रोजमेळ एका वहीत आणि खतावणी दुसरीत लिहिली जाते. एका वहीच्या भरवशावर कोणी धंदा करीत नाही. छायाचित्रांच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन निराळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. एक पेढीवरील संगणकावर, एक घरातील हार्ड डिस्कवर, आणि एक नांदेड-लातूरला राहणाऱ्या आप्तांकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत. तिन्ही ठिकाणी चित्रे उघडतात याची खात्री झाल्यावरच कार्ड रिकामे करावे, आणि तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. पेन ड्राइव्ह ही ने-आणीची वस्तू आहे, तिजोरी नव्हे.

भिंतीवरच्या आणि अल्बममधल्या जुन्या छायाचित्रांनाही हाच पावसाळा सोसावा लागतो. त्यांच्या पृष्ठावर सरसाचा, म्हणजे जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की तो चिकट होतो, फ्रेमच्या काचेला धरतो आणि बुरशीला खाद्य पुरवतो. चिकटलेले चित्र ओढून काढू नये. काचेसकटच त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. नव्या फ्रेममध्ये चित्र व काच यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट घालून फट ठेवावी. नक्कल करताना चित्र खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात सपाट मांडावे, कॅमेरा त्याला समांतर धरावा, फ्लॅश बंद ठेवावा. आणि चित्रात कोण कोण आहे ते मागे पेन्सिलीने, कागदावर दाब न देता, लिहून ठेवावे. ती नावे सांगणारी आजी घरात आहे तोवरच हे काम होणार आहे.

जतन केल्यास चित्र किती टिकते, याचे उदाहरण आपल्याच समाजात आहे. राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) हे मेरठजवळील सरधना येथे जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात जन्मले. रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून इंदूरला नोकरी करताना त्यांना छायाचित्रणाचा छंद जडला, आणि पुढे ते हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळी आपला हा परिसर हैदराबाद संस्थानातच होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत अदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका आणि बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल मराठी मुलखाला जोडले गेले. दीनदयाळ जड लाकडी कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या घेऊन दख्खनच्या उन्हापावसात वावरले. काच फुटणारी, तिच्यावरचा थर ओलीने बिघडणारा. तरीही त्यांच्या २८५७ काचपट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुरक्षित आहेत. त्यांचा कॅमेरा कोणता होता हे सामान्य रसिक विचारीत नाही, चित्रे पाहतो.

तेव्हा या महिन्यात एवढे करावे. कपाटातील कॅमेरा काढून विजेरीने तपासावा, हवाबंद डबा आणि आर्द्रतामापक आणावा, आणि कार्डवर पडून असलेली चित्रे तीन ठिकाणी उतरवून घ्यावीत. पुढे दरवर्षी दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी, नव्या चोपड्या मांडताना, हार्ड डिस्क जोडून चित्रे उघडतात की नाही ते पाहण्याची प्रथा घरात सुरू करावी. पुढील अंकात जुना कॅमेरा विकत घेताना काय काय तपासावे, याचा विचार करू.